सत्तावनच्या यादवीतील रत्नागिरीचे शिपाई

१८५७-५८ च्या धामधुमीत रत्नागिरी जिल्ह्याच्या भूमीवर एकही मोठी लढाई झाली नाही. तरीही त्या युद्धात या जिल्ह्याइतका दोन्ही बाजूंनी गुंतलेला मराठी मुलूख दुसरा सापडणे कठीण. झाशीवर राज्य करणाऱ्या नेवाळकरांचे मूळ गाव लांज्याजवळचे कोट. बुंदेलखंडात मराठी सत्ता रुजवणारे गोविंदपंत खेर नेवऱ्याचे. ग्वाल्हेरचा दरबार इंग्रजांच्या बाजूला टिकवून धरणारे दिवाण दिनकरराव राजवाडे देवरुखचे. आणि झाशीच्या तटावर चढलेल्या, ग्वाल्हेरच्या किल्ल्यात शिरलेल्या, तशाच कोल्हापुरात बंड करून तोफेच्या तोंडी गेलेल्या मुंबईच्या पलटणींत याच जिल्ह्यातले मराठे, महार, भांडारी आणि इतर जातींचे शिपाई होते. पहिल्या तिघांची नावे इतिहासात ठळक आहेत. शिपायांची नावे बहुतेक हरवली. या प्रस्तावनेचा विषय ते शिपाई आहेत.

येथे रत्नागिरी जिल्हा म्हणजे कंपनी सरकारच्या काळातला जिल्हा. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा झाला. त्याचे ठाणे आधी बाणकोटला होते, नंतर ते रत्नागिरीला आले. उत्तरेला सावित्रीच्या खाडीपासून दक्षिणेला वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याची ही लांब पट्टी होती. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले मालवण, देवगड आणि वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरीतच मोडत. सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते, पण तिथली माणसे आणि घाटवाटा या कथेपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

सत्तावनच्या घटनांना नाव काय द्यावे, हा वाद जुना आहे. इंग्रजांनी त्यांना शिपायांचे बंड म्हटले, तर विनायक दामोदर सावरकरांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्वातंत्र्यसमर म्हटले. शताब्दीच्या सुमारास सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार यांनी वेगवेगळ्या अंगांनी या दोन्ही मतांची छाननी केली. परकी सत्ता उलथून टाकण्याचा तो मोठा प्रयत्न होता, यात शंका नाही. मात्र त्या सत्तेच्या बाजूने लढणाऱ्या फौजांतही देशी शिपायांची संख्या मोठी होती, हेही तितकेच खरे. कोकणाच्या दृष्टीने पाहिले, तर एकाच मुलखातून निघालेली माणसे नर्मदेपलीकडे एकमेकांसमोर बंदुका रोखून उभी राहिली. या अर्थाने रत्नागिरीच्या वाट्याला आलेले सत्तावन ही यादवी होती.

शिपाईगिरीची मुळे

कोकणातून फौजेत जाण्याची वाट इंग्रजांनी घालून दिलेली नाही. शिवकाळात आणि आंग्ऱ्यांच्या आरमारात कोळी, भांडारी आणि गाबीत दर्यावर लढत होते, मराठे आणि महार गडांवर चाकरी करत होते. सतराव्या शतकात मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आले, तेव्हा बेटाच्या रक्षणासाठी भांडाऱ्यांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. १७६८ मध्ये मुंबईच्या शिपायांच्या कवायती पलटणी बांधल्या जाऊ लागल्या. पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून नावाजलेली मराठा पलटण त्याच वर्षीची. या पलटणींना माणूस लागत होता आणि तो सर्वांत जवळ, गलबताने एक-दोन दिवसांच्या अंतरावर, कोकणात मिळत होता.

माणूस मिळण्याची कारणे जमिनीत होती. खाडीकाठच्या आणि खोलगट शेतांत भात पिके. वरच्या उतारावर वरकस जमीन, तिच्यात नाचणी आणि वरी, तीही काही वर्षे घेऊन मग पडीक टाकायची. बाकी कातळ. त्यावर खोती पद्धत. गावचा वसूल खोताच्या हाती, कुळाच्या पदरी उरलेसुरले. घरात चार भाऊ असले तर जमीन दोघांनाही पुरत नसे. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये चालू झाली. म्हणजे पुढे लाखो कोकण्यांना पोसणारा गिरणधंदा सत्तावन साली जेमतेम जन्मला होता. गाव सोडून रोख पैसा मिळवायचा, तर भरवशाची जागा एकच होती, ती म्हणजे पलटण. साध्या शिपायाचा महिना सात रुपयांचा. त्यातून खाण्यापिण्याचा खर्च वजा जाई, तरी उरलेली रक्कम आणि नोकरी संपल्यावरची पेन्शन मिळून एक घर उभे राही. खोताचा वसूल चुकता होई, लग्ने होत.

मुंबईच्या फौजेची घडण बंगालच्या फौजेहून वेगळी होती. बंगालच्या पायदळात अवध आणि बिहारकडच्या उच्चवर्णीयांचा भरणा होता. सोवळेओवळे आणि पंगत यांना तिथे फार महत्त्व होते. मुंबईच्या पलटणीत मराठा, महार, चांभार, भांडारी, मुसलमान, बेने इस्राएल यहुदी आणि उत्तरेकडून आलेले ‘परदेशी’ एकाच कंपनीत कवायत करत. बढतीत नुसत्या वयापेक्षा कर्तबगारीकडे अधिक पाहिले जाई. समुद्र ओलांडण्याबद्दलही फारशी तक्रार नसे. १८५६-५७ च्या इराणच्या मोहिमेत मुंबईच्याच पलटणी बुशहरला उतरल्या होत्या. गावात ज्याला पाणवठ्यावर शिवू दिले जात नव्हते, तो महार शिपाई पलटणीत हवालदार, जमादार, सुभेदारही होऊ शकत होता. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर ‘नाक’ या अक्षरांनी संपणारी महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. असा मान त्या काळी गावाने त्यांना दिला नसता. सत्तावन साली मुंबईची बहुतेक फौज कंपनीकडे का राहिली, याचे उत्तर शोधताना निष्ठेच्या मोठमोठ्या शब्दांआधी हे दैनंदिन व्यवहार पाहावे लागतात.

उत्तरेत गेलेले कोकण

फौजेत जाणाऱ्या कोकण्यांच्या बरोबरीने, त्यांच्याही आधी, कोकणातली दुसरी माणसे उत्तरेत गेली होती. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे. त्यांच्या सत्तेबरोबर कारकून, फडणीस, भटजी आणि सरदार माळव्यात आणि बुंदेलखंडात पसरले. नेवऱ्याच्या गोविंदपंत खेरांनी सागर-जालौनचा मुलूख सांभाळला आणि पानिपताच्या आधी, डिसेंबर १७६० मध्ये, ते मारले गेले. कोटच्या नेवाळकरांकडे झाशीची सुभेदारी आली. १८१८ नंतर दुसरा बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास गेला, तेव्हा त्याच्यामागे मराठी आश्रितांची मोठी वस्तीच तिथे उभी राहिली. त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेला. मोरोपंत तांब्यांची कन्या मनकर्णिका याच परिवारात वाढली आणि लग्नानंतर झाशीची लक्ष्मीबाई झाली. येवल्याच्या कुटुंबातला तात्या टोपेही याच वस्तीतला.

या घराण्यांची गाऱ्हाणी शिपायांपेक्षा वेगळी होती. बाजीराव १८५१ मध्ये वारला आणि नानासाहेबाची पेन्शन नाकारली गेली. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले, दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. महाराष्ट्रात सातारा १८४८ मध्येच खालसा झाला होता. दक्षिण महाराष्ट्रात इनाम कमिशनने पिढ्यान्‌पिढ्यांच्या सनदा तपासायला काढल्या होत्या. ज्यांच्याकडे गमवायला राज्य, वतन किंवा इनाम होते, त्यांच्यासाठी कंपनीचे सरकार हे घर लुटणारे सरकार होते. ज्याच्याकडे वरकस जमिनीचा तुकडाही धड नव्हता, त्या शिपायासाठी तेच सरकार महिन्याच्या महिन्याला पगार देणारे होते. एकाच जिल्ह्यातून उगवलेल्या या दोन अनुभवांची गाठ सत्तावनच्या रणांगणावर पडली.

कोल्हापूर : ३१ जुलै १८५७

मुंबई फौजेच्या पायदळाच्या नियमित पलटणी तेव्हा एकोणतीस होत्या. त्यांतल्या मोजक्याच ठिकाणी उघड बंड झाले किंवा कट उघडकीस आले. त्यांत कोल्हापूरची सत्ताविसावी पलटण पहिली आणि सर्वांत महत्त्वाची. या पलटणीची एक तुकडी रत्नागिरी येथेही होती. उत्तरेत उठावलेल्या पलटणींची पत्रे तिच्यातल्या परदेशी शिपायांना येत होती. अफवा पसरत होत्या. कोल्हापूर शहरही शांत नव्हते. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाची आठवण अजून ताजी होती आणि राजाचे धाकटे बंधू चिमासाहेब यांची उठावाला सहानुभूती होती.

३१ जुलैच्या रात्री, भर पावसात, पलटण उठली. रामजी शिरसाट हा तिचा पुढारी. बेने इस्राएल समाजातल्या एका देशी अधिकाऱ्याने आधी इशारा दिल्यामुळे बरेच गोरे अधिकारी आणि त्यांची कुटुंबे वाचली. पळताना वाट चुकलेले तीन तरुण अधिकारी मात्र मारले गेले. बेने इस्राएल हेही कोकणच्या किनाऱ्यावरचेच लोक. म्हणजे बंडाच्या पहिल्या प्रहरातच पलटणीतली माणसे दोन बाजूंना वाटली गेली.

बंडवाल्यांनी खजिना लुटला आणि कोकणाकडे मोर्चा वळवला. फोंडा घाट उतरायचा आणि किनारा गाठायचा, असा बेत होता. पलटणीतल्या कोकण्यांसाठी ही घरची वाट होती. पण घाटाखाली बंदोबस्त लागल्याच्या बातम्या आल्या, पावसाने वाटा अडवल्या आणि जमाव फुटला. काही जण सावंतवाडीच्या रानात शिरले. काही कोल्हापूरला परतले आणि शहराबाहेरच्या पागेच्या भक्कम वाड्यात दडून बसले.

१० ऑगस्टला लेफ्टनंट केर साताऱ्याहून दक्षिण मराठा रिसाल्याचे स्वार घेऊन आला. तोफा नव्हत्या. पागेचा दरवाजा जाड, आतून गोळीबार चालू. केर आणि गणपतराव नावाचा मराठा स्वार यांनी पहारी घेतल्या, दरवाजाशी भिडले आणि फळ्या उचकटून फट पाडली. त्या फटीतून घोड्यावरून उतरलेले मूठभर स्वार आत घुसले. मग हातघाई झाली. आतले शेवटपर्यंत लढले, शरण कोणी आले नाही. बाहेरचेही बहुतेक जखमी झाले किंवा मेले. केरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे पदक देशी शिपायांना १९११ पर्यंत खुलेच नव्हते, त्यामुळे गणपतरावाचे नाव केरच्या पराक्रमाच्या हकिकतीतच तेवढे उरले. दरवाजाच्या आतले शूर होते, हे त्यांच्याशी लढणाऱ्यांनीही नाकारले नाही. पण ते बंडखोर म्हणून मेले, त्यामुळे त्यांची यादी सन्मानाने कोणी जपली नाही.

ऑगस्टच्या मध्यास कर्नल ल ग्रांड जेकब कोल्हापूरला पोहोचला. भर पावसाळ्यात आगबोटींनी किनाऱ्यावर उतरवलेले गोरे सैनिक घाट चढून आले आणि त्यांच्या जोरावर १८ ऑगस्टला पलटणीची हत्यारे काढून घेण्यात आली. लष्करी न्यायालये बसली. कोणी फाशी गेले, कोणाला गोळ्या घातल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिले. डिसेंबरच्या आरंभी शहरात पुन्हा उठाव झाला, तोही जेकबने मोडला. चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवले गेले आणि तिथेच १८६९ मध्ये त्यांचा अंत झाला.

एकच पलटण, दोन शेवट

कोल्हापूरची बातमी मुंबईला पोहोचली, तेव्हा शहरात थोडे गोरे सैनिक आणि तीन देशी पलटणी होत्या : दहावी, अकरावी आणि मरीन बटालियन. दिवाळीच्या सुमारास उठावाचा कट शिजत असल्याचा सुगावा पोलीस अधिकारी फोर्जेट याला लागला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानावर, आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांच्या पलटणीतल्या भाऊबंदांना रांगेत उभे करून ते पाहायला लावले.

तीच दहावी पलटण पुढच्या वर्षी राजपुताना आणि माळव्याच्या मोहिमेवर गेली. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे ब्रिगेडियर स्मिथच्या फौजेत ती होती. त्याच लढाईत राणी लक्ष्मीबाई पडली. ज्या पलटणीतला एक शिपाई उठावाच्या आरोपाखाली मुंबईत मारला गेला, त्याच पलटणीचे शिपाई आठ महिन्यांनी राणीच्या विरुद्ध रांगेत उभे होते. इथे शिपायांना दोष देऊन काही हाती लागत नाही. पलटण ही यंत्रणा माणसांना कशी बांधून ठेवते, याचा इतका स्पष्ट दाखला मात्र सत्तावनच्या इतिहासातही क्वचितच मिळतो. पगार, पेन्शन, शेजारचा शिपाई, डोळ्यांदेखत झालेली शिक्षा आणि सुभेदाराचा शब्द या सगळ्यांचा भार एका माणसावर पडत होता.

मध्य हिंदुस्थानची मोहीम

मुंबई फौजेची मुख्य कामगिरी सर ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत झाली. जानेवारी १८५८ मध्ये महू आणि सिहोरकडून ही फौज निघाली. तिच्या पहिल्या ब्रिगेडमध्ये मुंबईची पंचविसावी पायदळ पलटण होती, दुसरीत चोविसावी. सोबत मुंबईचे घोडदळ, गोऱ्या पलटणी आणि हैदराबाद कंटिंजंट. महिनाअखेर राहतगड पडले आणि ३ फेब्रुवारीला सागरचा वेढा उठला. गोविंदपंतांनी सांभाळलेला तो सागर. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फौज झाशीपुढे येऊन ठाकली.

झाशीच्या आत मराठी बोलणारी वस्ती होती. तिच्यात पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे भटजीही होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, या आशेने ते चुलत्याबरोबर १८५७ मध्ये निघाले आणि बंडात सापडले. तटाच्या आतून त्यांनी वेढा पाहिला. तोफगोळ्यांनी पेटलेली घरे पाहिली, पाण्यासाठी झालेली तडफड पाहिली, शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट पाहिली. त्यांची आठवण ‘माझा प्रवास’ या नावाने चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केली. कोकणातल्या एका गरीब घरचा माणूस तटाच्या आत आणि कोकणातल्याच गरीब घरांतली माणसे तटाच्या बाहेर, हे चित्र त्या ग्रंथाच्या पानापानामागे उभे आहे. दोघेही पोटासाठी घर सोडून आलेले.

१ एप्रिलला तात्या टोपे सुमारे वीस हजारांची फौज घेऊन झाशीच्या मदतीला आला. वेढा न उठवता रोजने थोडी फौज बाजूला काढली आणि बेतवेच्या काठी त्याचा पराभव केला. ३ एप्रिलला पहाटे हल्ला झाला. डावीकडच्या हल्ल्यात गोऱ्यांच्या शहाऐंशीव्या पलटणीबरोबर मुंबईची पंचविसावी होती. तोफांनी पाडलेल्या खिंडारातून आणि शिड्यांवरून ती आत शिरली. पुढचे दिवस गल्लीबोळांतल्या लढाईचे, मग लुटीचे होते. गोऱ्यांची लूट झाल्यावर देशी पलटणींनाही पाळी मिळाली, असे गोडसे सांगतात. हा भाग गाळून कोकणी शिपायाचा इतिहास लिहिता येणार नाही. पराक्रम त्याचा असेल, तर झाशीच्या घराघरांत जे झाले त्यातला वाटाही त्याचाच.

त्यानंतरची लढाई माणसांइतकीच उन्हाशी होती. ७ मेला कुंच, २३ मेला काल्पी. गोरे सैनिक उष्माघाताने पटापट पडत होते, खुद्द रोजलाही घोड्यावर बसवेना. अशा वेळी कूच आणि पहारे यांचा बराच भार देशी पायदळाने उचलला. काल्पी पडली आणि युद्ध संपले असे वाटत असतानाच नानासाहेबाचा पुतण्या रावसाहेब, तात्या आणि राणी ग्वाल्हेरकडे वळले. १ जूनला ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे त्यांच्यावर चालून गेले, पण त्यांची फौजच तात्याला जाऊन मिळाली. जयाजीराव आणि दिनकरराव राजवाड्यांनी आग्रा गाठले. देवरुखच्या दिवाणाने दरबार वर्षभर इंग्रजांकडे राखला होता. मात्र दरबाराचे शिपाई त्याच्या हाती राहिले नाहीत.

१६ जूनला मुरार, १७ ला कोटा की सराय आणि १९ ला ग्वाल्हेर शहर पडले. किल्ला उरला होता. २० जूनला पंचविसाव्या पलटणीचा लेफ्टनंट रोज आणि लेफ्टनंट वॉलर थोडे शिपाई आणि एक लोहार बरोबर घेऊन चढणीवर गेले. लोहाराने एकामागून एक दरवाजे फोडले. शेवटच्या दरवाजापाशी तोफ धडधडली, हातघाई झाली, लेफ्टनंट रोज पडला आणि किल्ला हाती आला. मोहिमेतल्या शिपायांना पांढऱ्या-तांबड्या फितीचे पदक मिळाले, त्याच्या पट्टीवर ‘सेंट्रल इंडिया’ अशी अक्षरे. तात्या टोपे आणखी दहा महिने लढत राहिला. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला त्याला फाशी दिले गेले.

बाजू कशाने ठरली

या सगळ्या हकिकतींतून एक गोष्ट वारंवार समोर येते. शिपायाची बाजू जन्माने किंवा गावाने ठरलेली नव्हती. तो कोणत्या पलटणीत होता, ती पलटण त्या महिन्यात कुठे होती, तिच्यात किती असंतोष मुरला होता, अधिकारी कसे होते आणि आधी कोणाला शिक्षा झाली होती, यावर ती ठरत गेली. सत्ताविसावीतला शिपाई पंचविसावीत असता, तर ग्वाल्हेरचे पदक घेऊन गावी आला असता. पंचविसावीतला कोल्हापुरात असता, तर कदाचित पागेच्या वाड्यात मेला असता.

जातीचा प्रश्नही इथे टाळता येत नाही. पेशवाईच्या पुनःस्थापनेची द्वाही नानासाहेबाच्या नावाने फिरली, तेव्हा महार शिपायाला त्या राज्याबद्दल प्रेम वाटावे असे काही त्याच्या घरच्या आठवणीत नव्हते. त्याला कंपनीच्या राज्यात न्याय मिळत होता असे नाही, पण पलटणीच्या चौकटीत त्याला मान, शिक्षण आणि हुद्दा मिळत होता. उलट वतनदार आणि इनामदार घराण्यांना जुने राज्य परत येण्यात आपले भवितव्य दिसत होते. १८५८ च्या मे महिन्यात नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले आणि जूनमध्ये बेळगावला फासावर गेले. सावंतवाडीकडे फोंड सावंतांचे मुलगे गोवा-कारवार सरहद्दीच्या रानात झुंजत राहिले. त्यांची लढाई खरी आणि त्यागाची होती. तिच्यात न उतरलेल्या शिपायाची कारणेही तितकीच खरी होती. एकाचा मान राखण्यासाठी दुसऱ्याला गद्दार ठरवण्याची गरज नाही.

युद्धानंतर

कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले आणि कारभार इंग्लंडच्या राणीकडे गेला. पील कमिशनने फौजेची फेरमांडणी सुचवली : गोऱ्यांचे प्रमाण वाढवायचे, तोफखाना शक्यतो त्यांच्याच हाती ठेवायचा, देशी पलटणींत जाती-जमातींचा तोल सांभाळायचा. मुंबईच्या फौजेने साथ दिली होती, तिची कदर झाली. पंचविसावीला हलक्या पायदळाचा मान मिळाला. रत्नागिरीतून भरती चालूच राहिली आणि पेन्शनरांची घरे गावोगाव वाढली. दापोली हे जुने लष्करी ठाणे, कॅम्प दापोली म्हणून ओळखले जाणारे. तिथे निवृत्त शिपायांची मोठी वस्ती झाली.

ही कदर फार काळ टिकली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जातीं’चा सिद्धांत फौजेत रुजला. उत्तरेकडचे शीख, गुरखे आणि पठाण पसंत ठरले. मराठ्यांची भरती ‘कोकणी’ आणि ‘दख्खनी’ अशा वर्गांत बसवण्यात आली. महारांची भरती १८९० च्या दशकाच्या आरंभी बंदच झाली. महाडजवळच्या रावढळचे, फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहत होते. त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले आणि १८९४ मध्ये महारांना फौजेत पुन्हा घ्यावे यासाठी अर्ज तयार केला. त्या मागणीला मागच्या पिढ्यांच्या नोकरीचा आधार होता. ज्यांच्या बापजाद्यांनी सरकारसाठी रक्त सांडले, त्यांनाच अयोग्य ठरवले जात होते.

मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सपकाळ घराणे याच परंपरेतले. मालोजी सपकाळ शिपाई, त्यांचे पुत्र रामजी सुभेदार आणि महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. १४ एप्रिल १८९१ रोजी रामजींचे पुत्र भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म महूलाच झाला. ज्या ठाण्याच्या परिसरातून सत्तावनच्या मोहिमेची फौज निघाली होती, तेच हे ठाणे. पलटणीतल्या शाळांत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनाही, सक्तीने शिकवले जाई. गावात बंद असलेली अक्षरे तिथे खुली झाली. युद्धाचा हा परिणाम कोणी योजलेला नव्हता, पण पदकांपेक्षा तो दूरगामी ठरला. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली, ती आजही आहे.

शिपाई कुठे सापडतो

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यापुढची मोठी अडचण म्हणजे शिपायाने स्वतः काही लिहिलेले नाही. पलटणींची दप्तरे अधिकाऱ्यांनी लिहिली, मोहिमांची वर्णने अधिकाऱ्यांनी छापली. जेकबसारख्याने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, पण त्याच्या पुढ्यात शिक्षा भोगलेल्यांचा शब्द त्यांत त्याच्याच तोंडून येतो. १८३७ पासून देशी शिपायांना शौर्याबद्दल ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ देण्याची पद्धत होती. तिच्या नोंदींत नाव, हुद्दा आणि कामगिरीच्या दोन-चार ओळी मिळतात. लष्करी न्यायालयांच्या कागदांत बंडवाल्यांची नावे आणि जबान्या मिळतात. जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत भरतीची आणि पेन्शनरांची माहिती येते. या कागदांची बाजू सरकारी आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे लागतात. दुसऱ्या बाजूला गोडशांच्या आठवणी, घराण्यांच्या बखरी आणि गावांतल्या सांगीवांगी आहेत. त्यांत वर्षे चुकतात, पण भीती, भूक आणि अपमान यांची नोंद तिथेच सापडते.

कागदांत आणखी एक कोडे आहे. इंग्रज कारकुनांनी नावे कानावर पडली तशी लिहिली. आडनावाच्या जागी बापाचे नाव, कधी गावाचे, कधी जातीचे. त्यामुळे पलटणीच्या यादीतला माणूस गावच्या वंशावळीतल्या माणसाशी जुळवणे हे चिकाटीचे काम आहे. ते तालुक्यातालुक्याने, घरातल्या जुन्या पेन्शनच्या कागदांपासून आणि पदकांच्या कडेवर कोरलेल्या नावांपासून सुरू करता येते. आणि ते दोन्ही बाजूंसाठी करायला हवे. ज्या गावाला ग्वाल्हेरहून पदक घेऊन आलेला सुभेदार आठवतो, त्याच्या शेजारच्या गावातून कोल्हापूरला गेलेला आणि परत न आलेला शिपाईही असू शकतो. रत्नागिरीच्या सत्तावनचा इतिहास पुरा व्हायचा, तर ही दोन्ही नावे एकाच यादीत, एकाच मापाने लिहिली गेली पाहिजेत.